रेषेनं मोजलेली दोन बोटं

त्या वर्षी लंबकाच्या प्रयोगात सगळ्या पोरांचं उत्तर बरोबर येत होतं, आणि नेमकं त्याच्यामुळंच सर वैतागले होते.

शहराचं नाव तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. तिथल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या लॅबमध्ये मी मदतनीस होते. उपकरणं कपाटातून काढायची, टेबलावर मांडायची, तास संपला की पुसून परत ठेवायची, हे माझं काम. वय तिशीच्या आसपास, पण पोरं मावशी म्हणायची. लॅबमधली बाई म्हणजे मावशी, मग ती कितीही वयाची असो.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथून इथं यायचं तर आधी नागपूर, मग पुढं एक अख्खी रात्र एसटीत. घरात कोशाचं रेशीम विणायचं काम. सातवी झाली आणि शाळा सुटली. आठवीची शाळा नदीपलीकडं होती आणि मागावर हात कमी पडत होते. लग्नानंतर नवऱ्याला चितेगावच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून या मुलखात आले. इथली बोली कानाला आधी लागेचना. मी 'येऊन राहिली' म्हटलं की इथली माणसं हसायची, आणि ती 'लई' म्हणाली की मला हसू यायचं. वर्षभरानं मीही लई म्हणायला लागले.

कॉलेजात मी आले ते झाडू मारायला. एकदा लॅब झाडत होते, तर सर तुटलेला दोरा हातात घेऊन उभे. पलीकडं पोरांचा घोळका वाट बघत होता. मी झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही टोकं घेतली आणि जोडून दिली. सरांनी दोरा डोळ्यांजवळ नेला, बोटांतून फिरवला.

"गाठ कुठंय?"

"आहे ना सर. तिथंच आहे."

"मला तर नाय दिसत."

दिसू नये म्हणूनच ती तशी मारतात. पुढच्या महिन्यात सरांनी मला लॅबमध्ये मागून घेतलं. हे उपकार मी कधी विसरले नाही, आणि ते काम हातचं जाईल ही धास्तीही एक दिवस सुटली नाही. माझ्या नेमणुकीचा हुकूम सहा महिन्यांचा असायचा. सहा महिने झाले की सर एका कागदावर शेरा लिहायचे, विभागाच्या मॅडम त्यावर सही करायच्या आणि मग पुढचे सहा महिने. शेरा वाईट पडला तर परत झाडू. झाडूची मला लाज नव्हती. पण लॅबमध्ये मी कपाटं पुसता पुसता फळ्यावरचं ऐकायचे. सातवीत बंद झालेली शाळा परत उघडली होती आणि हे कुणाला माहीत नव्हतं. कपाटाचं कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघायचे, जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा.

तर सरांचा वैताग. लंबकाचा प्रयोग सोपा आहे. दोऱ्याला पितळी गोळी लटकवायची, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांवर हे करून शेवटी गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊशे ऐंशीच्या जवळपास दिलाय. पोरं हुशार. आधी नऊशे ऐंशी लिहायची, मग उलटं गणित करून प्रत्येक दोऱ्याला किती सेकंद 'यायला पाहिजेत' ते काढायची आणि तेच जर्नलमध्ये भरायची. स्टॉपवॉच नुसतं टेबलावर टिकटिक करत पडलेलं.

"हे सगळं शिजवलेलं आहे," सर एका गुरुवारी जर्नलांचा गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाले. सर सोयगावकडचे, चिडले की बोली वर यायची. "एकालाबी चूक होत नाय? अरे, तुमचा काय हात आहे का घड्याळ?"

पहिल्या बाकावरचा मुलगा, परीक्षेत नेहमी पहिला येणारा, गालात हसला. "सर, प्रॅक्टिस आहे."

"व्हय का? मग आज प्रॅक्टिस बघू तुमची."

सरांनी टेबलाच्या खणातून एक दोरा काढला. छोटासा, त्याला चिठ्ठी होती: पंधरा. हा दोरा कुणी झुलवायचा नाही. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी आणि शंभर सेंटिमीटरच्या सहा दोऱ्यांवर खरंखुरं मोजायचं, आणि त्याच्यावरून आधीच सांगायचं की या पंधराच्या दोऱ्याला वीस झोक्यांना किती वेळ लागेल. चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. मग सगळ्यांसमोर तो दोरा झुलवायचा.

"म्हणजे भविष्य सांगायचं, सर?" मागून कुणीतरी.

"भविष्य. पण पोपट नाय आणायचा. रेषा आणायची."

आणि सर फळ्याकडं वळले. त्या दिवशी सरांनी जे सांगितलं ते मी बीकर धुता धुता ऐकलं. पाणी चालूच राहिलं आणि बीकर हातात तसाच.

सर म्हणाले, लांबी आणि वेळ यांचं नातं वाकडं असतं, पण वेळेचा वर्ग केला की ते सरळ होतं. आडव्या बाजूला लांबी, उभ्या बाजूला वेळेचा वर्ग. सहा दोरे, सहा ठिपके. ठिपके एका रेषेत नीट बसणार नाहीत, माणसाचा हात आहे, थोडं मागंपुढं होणारच. मग त्यांच्यामधून रेषा काढायची ती कुणाच्या मर्जीनं?

"प्रत्येक ठिपका रेषेपासून किती वर किंवा खाली राहिला ते बघायचं. त्या अंतराचा वर्ग करायचा. सगळ्या वर्गांची बेरीज. ज्या रेषेला ही बेरीज सगळ्यात कमी, ती आपली रेषा. याला म्हणतात रिग्रेशन."

"वर्ग कायकू, सर?" हे विचारलं खुलताबादहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीनं. घरी दखनी, कॉलेजात मराठी, आणि घाईत दोन्ही एकत्र.

"वर्ग नाय केला तर वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतील, बेरीज शून्य. आणि दुसरं म्हणजे, जो ठिपका लई लांब पडलाय त्याची तक्रार जास्त ऐकायची. दुप्पट लांब तर चौपट ऐकायची."

मग सरांनी ती रेषा काढायची रीत लिहिली. एक रकाना लांबीचा, एक वेळेच्या वर्गाचा, एक लांबीच्या वर्गाचा, एक दोघांच्या गुणाकाराचा. चारही रकान्यांच्या खाली बेरजा. त्या बेरजांवरून रेषेचा कल, आणि रेषा सुरू कुठून होते ती जागा. मी बघतच राहिले. कॉलेजचं गणित म्हणजे काहीतरी निराळंच असणार, आपल्या वाटेला न येणारं, असं मला वाटायचं. या तर बेरजा होत्या! गुणाकार होते! हे मला सातवीत येत होतं. एका जुन्या जर्नलच्या कोऱ्या पाठीवर मी सगळी रीत उतरवून घेतली. हात ओला होता, दोन ठिकाणी शाई पसरली.

पोरं कामाला लागली. बहुतेकांनी नेहमीसारखंच केलं, एकदा झुलवल्यासारखं करायचं आणि कॅल्क्युलेटर काढायचा. खुलताबादची मुलगी मात्र खरंच मोजत होती. गोळीकडं बघत ओठ हलवत, एक, दो, तीन. बारा झाले की पलीकडचा पोरगा मुद्दाम "सोळा" म्हणायचा. मग ती गोळी हातानं धरायची, त्याच्याकडं एक नजर टाकायची आणि परत एकपासून. प्रत्येक दोरा तिनं तीनदा झुलवला.

शेवटी डबा उघडला. पहिल्या बाकावरच्या मुलाची चिठ्ठी: साडेपंधरा सेकंद. त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांच्या साडेपंधराच. सर नाक मुरडून एकेक वाचत होते. मग खुलताबादच्या मुलीची चिठ्ठी आली: सतरा पूर्णांक एक.

लॅब हसली.

"सतरा? अगं, गोळी मधेच चहा प्यायला थांबती का?"

"खुलताबादला घाट आहे ना, चढायला टाइम लागतो."

ती लाल झाली. "सर, मैंने गिनकेच लिखी. मी झूठ कायकू लिहू?"

"कुणी झूठ म्हटलं नाय," सर म्हणाले. पण त्यांच्याही कपाळाला आठी होती, कारण पुस्तकाप्रमाणं साडेपंधराच यायला पाहिजे होते. "मावशी, लावा दोरा."

मी पंधराचा दोरा स्टँडच्या आकड्याला लावला. सरांनी स्टॉपवॉच स्वतःच्या हातात घेतलं. गोळी बाजूला ओढली, सोडली. सगळी लॅब एका आवाजात मोजायला लागली. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस!

सरांनी घड्याळ बघितलं. परत बघितलं. मग गोळी परत सोडली. परत वीस. आणि तिसऱ्यांदा.

"सतरा पूर्णांक दोन. सतरा. सतरा पूर्णांक दोन."

आणि मग जो गलका झाला! पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "सर, म्हणजे पुस्तक चुकलं?"

"पुस्तक नाय चुकलं." सरांचे डोळे असे चमकत होते की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "पुस्तकाला हे दोरे माहीत नाहीत. रेषेला माहीत आहेत. हिच्या रेषेला!"

त्यांनी मुलीची वही घेऊन रेषा फळ्यावर काढली. दोऱ्याची लांबी शून्य असेल तर झोका कुठला, वेळही शून्य. म्हणजे रेषा शून्यातून जायला पाहिजे. ती जात नव्हती. सरांनी ती डावीकडं खाली वाढवत नेली, शून्याच्या पलीकडं, आणि आडव्या रेषेला जिथं भिडली तिथं खडूनं टिंब दिलं. उणे तीन पूर्णांक दोन.

"कल बरोबर आहे. गुरुत्वाकर्षण बरोबर निघतंय. फक्त सगळी रेषा सरकलीय. म्हणजे प्रत्येक दोऱ्यात, लहान असो का मोठा, तीन पूर्णांक दोन सेंटिमीटर असं काहीतरी आहे जे चिठ्ठीवर लिहिलेलं नाय. काय आहे ते?"

"गोळीची त्रिज्या!"

"ती चिठ्ठीत धरलेली आहे. गोळीच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं."

"आकडा?"

"आकडा हलत नाय."

तेवढ्यात तासाची घंटा झाली. एकानं पट्टी उचलली, सरांनी ती काढून घेतली. "शनिवारपर्यंत दोऱ्याला कुणी पट्टी लावायची नाय. आधी विचार, मग पट्टी. मावशी, कपाटाची चावी तुमच्याकडंच ठेवा."

पोरं गेली. मी दोरे काढून एकेक गुंडाळायला घेतले. साठचा दोरा हातात घेतला आणि सवयीनं माझी दोन बोटं त्याच्या वरच्या टोकाशी जाऊन बसली. तर्जनी आणि मधलं बोट, चिकटून. आणि हात तिथंच थांबला.

हे सगळे दोरे मीच बांधले होते. जुने कुजले होते, म्हणून या सत्राच्या सुरुवातीला नवे केले. दर बॅचला मोजून बांधत बसायला वेळ कुठला, म्हणून लॅबमध्ये दोरे तयारच ठेवतात, वर फास, खाली गोळी आणि चिठ्ठीवर लांबी. मी मीटरच्या पट्टीवर गोळीच्या मध्यापासून साठ सेंटिमीटर बरोबर मोजायचे, शाईची खूण करायचे, आणि खुणेच्या पुढं दोन बोटं सोडून फासाची गाठ मारायचे. आमच्याकडं मागावर असंच करतात. माप संपलं की दोन बोटं सोडायची आणि मग गाठ. गाठीजवळचा धागा कापडात घेत नाहीत, तो मापात कधी धरायचा नसतो. वडील म्हणायचे, गाठीचं गाठीला, मापाचं मापाला. लहानपणापासून हजारो वेळा केलेलं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

पण मागावरचा धागा ताणून बसलेला असतो. लंबक वरच्या आकड्यापासून झुलतो. माझी ती दोन बोटंही प्रत्येक दोऱ्याबरोबर झोका घेत होती, सत्र सुरू झाल्यापासून! आणि सत्र सुरू झाल्यापासून प्रत्येक जर्नलमध्ये उत्तर बरोबर येत होतं.

 माझ्या शेऱ्याचा कागद शनिवारीच जायचा होता.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये मी एकटी. चावी माझ्या कमरेला. कपाट उघडलं, सातही दोरे टेबलावर मांडले. आमची गाठ सुटत नाही, कापावीच लागते. कात्री घेतली. सात फास कापायचे, खुणेवर परत बांधायचे, वीस मिनिटांचं काम. शनिवारी पट्टी लावतील तेव्हा माप तंतोतंत निघेल. मावशीचं काम चोख. मी कात्रीत बोटं घातली.

आणि माझ्यासमोर ती मुलगी आली, ओठ हलवत मोजणारी. शनिवारी सर पंधराचा दोरा परत झुलवतील तेव्हा साडेपंधराच येतील. मग तिचे सतरा पूर्णांक एक कुठं जातील? सगळ्या लॅबमध्ये एकच पोरगी खरं मोजणारी, आणि तिलाच मी खोटी पाडणार.

हे एक. दुसरं सांगायला थोडं विचित्र वाटतं, पण खरं आहे. भीती होतीच, तरी भीतीच्या वर एक उकळी येत होती. त्या रेषेनं मला बघितलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं की भंडाऱ्याकडून कुणी बाई आलीय, तिच्या घरी माग आहे. सहा ठिपके दिले, चार बेरजा केल्या, आणि तिनं बोट ठेवलं ते नेमकं माझ्या बोटांवर! खरंच का? खरंच तीन पूर्णांक दोन असतील का? पट्टी शेजारीच पडली होती. पण सर म्हणाले होते, आधी विचार, मग पट्टी. मी हात मागं घेतला. कात्री खणात टाकली आणि कुलूप लावलं. ओढून बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

शनिवारी सरांनी विचारलं, "हां, काय आहे ते तीन पूर्णांक दोन?"

कुणी म्हणालं हवा. कुणी म्हणालं दोरा ताणला गेला असेल. सर म्हणाले, ताणला असता तर लांब दोरा जास्त ताणला असता, सगळीकडं सारखं आलं नसतं. मी मागच्या सिंकजवळ उभी होते. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"सर, ते मी आहे."

सगळ्या माना वळल्या.

"दोन बोटं. दोरा बांधताना मी दोन बोटं सोडून गाठ मारून राहिली होती. आमच्याकडं तसंच मारतात. सगळ्या दोऱ्यांना. माझीच चूक आहे. या पोरीनं बरोबर मोजलं होतं."

घाबरले की माझी भंडाऱ्याची बोली परत यायची. मागं दोघंतिघं हसली. सर हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरचं काही कळेना. मग त्यांनी एकदम हात वर केला.

"थांबा! कुणी जागचं हलायचं नाय. मावशी, बोटं मोजलीत का तुम्ही?"

"नाही सर. तुम्हीच म्हणाला होता..."

"शाब्बास!" सर जवळजवळ ओरडले. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मावशींची दोन बोटं, तीन पूर्णांक दोन. "हे भाकीत. बोटं अजून कुणी मोजलेली नाहीत. व्हर्निअर आणा!"

व्हर्निअर म्हणजे दोन जबड्यांची बारीक माप घ्यायची पट्टी. ती रोज मीच मांडायचे, आणि आज मीच तिच्यात. मी दोन बोटं पुढं केली, हळदीचे डाग पडलेली. खुलताबादच्या मुलीनं जबडे जवळ आणले.

"दाबू नको गं, दाबलं की कमी येईल!"

"ढिलं पण नको धरू!"

"मावशी, फुगवू नका बोटं!"

"बोटं कशी फुगवतात रे येड्या?"

तिनं वाकून वाचलं. परत वाचलं. "तीन पूर्णांक एक सात, सर."

पहिल्या बाकावरचा मुलगा बाकावरून उडी मारून आला. "बघू." त्यानं स्वतः लावून बघितलं. "तीन पूर्णांक एक आठ." आणि मग हळू आवाजात, "आयला."

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कुणी बाक वाजवत होतं, कुणी "मावशी, मावशी" ओरडत होतं. शेजारच्या लॅबचे सर दारात येऊन विचारत होते, काही फुटलं का. मुलगी माझे दोन्ही हात धरून हलवत होती. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सहा दोऱ्यांवर गोळ्या झुलवून माझ्या बोटांची जाडी सांगता येते! जगात हे असं चालू होतं आणि मला आत्ता कळत होतं.

तास संपल्यावर सरांनी माझा कागद काढला. मी समोर उभी. उलटं वाचत होते. पहिली ओळ त्यांनी लिहिली, 'लंबकाचे सर्व दोरे सुमारे तीन सेंटिमीटरने लांब बांधले.' माझा धीर खचला. दुसरी ओळ, 'चूक स्वतः वर्गासमोर सांगितली.' तिसरी, 'लॅबमध्येच ठेवावे.'

"सर," मी म्हणाले, "ती पहिली ओळ..."

"नको वाटती?"

"मॅडम काय म्हणतील?"

"ते नाय सांगता येत." सरांनी पेनाला टोपण लावलं. "पण पोरांना रोज ओरडतो, शिजवू नका. आता मीच शिजवू का?"

मला राग आला होता, खरं सांगते. रविवारभर मी नवऱ्याशीही धड बोलले नाही.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. मॅडम कमी बोलायच्या, आणि चष्म्याच्या वरून बघायच्या. माझा कागद त्यांच्यासमोर होता.

"सातवी झालेल्या बाईच्या हातात उपकरणं द्यायची का, हे मी सरांना तेव्हाच विचारलं होतं."

त्यांनी सरांच्या पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"या खेपेला पोरांनी शोधलं. उद्या दुसरं काही चुकेल, ते कसं कळणार तुम्हाला?"

मी खाली बघूनच बोलले. "रेषा काढून बघेन, मॅडम. नवे दोरे बांधले की आधी मी झुलवेन. शून्यातून जाते का बघेन."

"रेषा म्हणजे? हातानं पट्टी ठेवून?"

"नाही. बेरजा करून."

त्यांनी चष्मा काढला. "करता येतं?"

पर्समध्ये जर्नलचा तो शाई पसरलेला कागद होता, आणि मुलीचे सहा आकडेही मी त्याच्यावर लिहून घेतले होते. मॅडमनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढं सरकवली. कॅल्क्युलेटर दिला नाही, मीही मागितला नाही, तो मला वापरताच येत नव्हता. मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर रकाने आखले.  पहिला रकाना झाला. दुसरा झाला. गुणाकार मोठे होते, पण गुणाकार हा गुणाकारच असतो. तिसऱ्या रकान्यापर्यंत आले तेव्हा मी मॅडमना विसरले, हुकूम विसरले. चपराशी चहा ठेवून गेला तो मला दिसलाच नाही. बेरजा उतरल्या, कल निघाला. मग रेषा शून्याच्या डावीकडं कुठं भिडते ते काढलं, आणि कागद पुढं केला.

"उणे दोन पूर्णांक सहा," मॅडमनी वाचलं. "वर्गात तीन पूर्णांक दोन आलं होतं ना?"

 त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या बेरजांवरून वरून खाली जात राहिल्या. चौथ्या रकान्यात थांबल्या.

"इथं हातचा धरायचा राहिलाय."

मी कागद ओढूनच घेतला, आता आठवलं की लाज वाटते. हातचा धरला. परत भागाकार. तीन पूर्णांक दोन! मी मान वर केली तर मॅडम पहिल्यांदाच हसत होत्या. त्यांनी माझ्या शेऱ्याचा कागद जवळ घेतला, सरांच्या तीन ओळींच्या खाली लिहिलं, 'नवीन दोरे वापरण्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी यांच्याकडे,' आणि सही केली.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "आणि ती बेरीज परत परत तपासत जा."

"तपासते मॅडम. मला सवयच आहे."

लॅबमध्ये आले तेव्हा दुसऱ्या बॅचचा तास चालू होता. सरांनी ठरवून टाकलं होतं की आता दोरे पोरंच बांधतील. कुणाचीच गाठ टिकत नव्हती, दर मिनिटाला एक गोळी खणकन फरशीवर पडायची आणि टेबलाखाली गडगडत जायची. सर हताश होऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती भुवई उंचावली. मी हातातला कागद वर धरून दाखवला, सहीची बाजू त्यांच्याकडं करून.

एका पोरानं कसाबसा बांधलेला दोरा आकड्याला अडकवला आणि स्टॉपवॉच उचललं.

"थांब," मी दारातूनच म्हणाले. "माप कुठून धरलंस ते आधी दाखव."